सोमवारी येऊ नका, गुरुजी

नाशिक,
१२ मे २०२६

आदरणीय गुरुजी,

पायांवर डोकं ठेवतो. माईंचे गुडघे कसे आहेत? कळवणला ऊन तापलं असेल. इथं सरकारी रोपवाटिकेत पावसाळ्याआधीच्या पिशव्या भरणं चाललंय, नखं मातीनं काळी झालीत, पण मजेत आहे. कलाबाई तर भलतीच खुशीत. नवरा निवृत्त होऊन घरी बसणार म्हणून हरखलेली बायको मी पहिल्यांदाच पाहतोय.

तुमचा फोन आल्याचं तिनं सांगितलं. सोमवारी पहिल्या एसटीनं येऊन साहेबांसमोर जबाब देणार म्हणालात, की सोमनाथ दिवाळीतला, शाळेत नाव घालताना एक जून मीच टाकली. गुरुजी, अख्ख्या वर्गालाच टाकली होती की. आमच्या आयांना तरी कुठं तारखा ठाऊक होत्या? माझी म्हणाली, "गाय व्याली तव्हाचा हाय." तुम्ही तरी काय लिहिणार? मनाला लावून घेऊ नका.

पण सोमवारी येऊ नका. ऊन आहे, एसटीला गर्दीही असते.

खरं सांगू? उन्हाचं निमित्त आहे. जन्मतारीख बदलायचा अर्ज मीच केला होता, साक्ष लागेल असं तुम्हाला कळवलंही मीच. हात चालतात, बांधलेलं कलम वाया जात नाही, मग दिवाळीपर्यंतचा पगार का सोडू? माणसानं दमल्यावर थांबावं, तारखेनं का, असं म्हणून जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांशी भांडलो. रोजंदारीवरचा केरू म्हणाला, "मामा, तुमी उठल्याबिगर आमी बसायचं कुठं?" त्याला मी उडवून लावलं.

आशाही तिथंच डबा खात होती. तीही कितीतरी वर्षं रोजंदारीवरच. माझी जागा रिकामी झाली की कायम होण्यात पहिला नंबर तिचा, आणि ऑगस्टात तिची वयोमर्यादा उलटते. हे मला ठाऊक होतं, गुरुजी. दुसऱ्या दिवशी रोपांना पाणी घालता घालता तीच म्हणाली, "मामा, गुरुजींना बोलवा. तुमचं वय खरं हाय, तुमी का सोडायचं?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. सकाळी जाऊन अर्ज मागे घेतला, आणि इतकं हलकं वाटलं की येताना पेढे घेऊन आलो. आशाला दिले तर ती रडायलाच लागली. तिच्या वाटचे केरूनं खाल्ले.

नियम मला अजून पटत नाही. मला जून उठवतो, तिला ऑगस्ट अडवतो, दोन्ही कागदावरचीच वयं. त्यातलं एक तरी कुणाच्या कामी येऊ दे.

तुम्ही २९ तारखेच्या निरोप समारंभाला या. माईंनाही आणा, मी गाडी पाठवतो. साहेबांनी माझं वय विचारलंच, तर साठ पूर्ण झाली म्हणून छातीठोक सांगा.

तुमचा,
एक जूनला जन्मलेला
सोमनाथ