विषय नंबर सात

९ ऑगस्ट
सुट्टी न्हाय! सुपरवायझर म्हणतो, पंधरा ऑगस्टला काय टाइल्सची भट्टी बंद ठेवू का. हितं गुजरातेत, मोरबीला, भट्टी कधीच बंद नसती. पण गावात त्याच दिवशी ग्रामसभा. वैष्णवी मेंबर झाल्यापास्नं तिची पहिलीच. आमच्याकडं बाई निवडून येती आन् खुर्चीवर नवरा बसतो. सरपंच व्यंकटराव तिला तेच म्हणाले— मल्हारला बोलवून घे, तुला कशाला तरास. मी बॅग भरायच्या बेतात. ही म्हणती, येऊ नका.
येऊ नका! नवऱ्याला!

११ ऑगस्ट
विषयांची यादी फोनवर आली. सातवा आमचा— वस्तीला पाण्याची लाईन. चाळीस घरं, बायका ओढ्याच्या हिरीवरनं घागरी वाहत्यात. गेल्या चार सभा हा विषय यादीत हाय. तिथवर कोण पोचतच न्हाय.

१३ ऑगस्ट
तिच्यासाठी भाषण लिहिलं. सातवीपर्यंतची सगळी शाळा त्यात घातली. फोटो काढून धाडला. उत्तर आलं— अक्षर लागत न्हाय.

१५ ऑगस्ट
झालं! झालं! फोनवर ऐकलं तसं लिहितो सगळं.
सभेला शंभर माणूस लागतंय. आलं साठ. म्हणून सभा तहकूब. अर्ध्या तासानं तीच सभा परत भरती, तेव्हा किती का माणसं असंनात, चालतंय. म्हणजे दरवेळी काय होतं— लोक घरी जात्यात, ग्रामसेवक वहीत लिहितो, सरपंच सही करत्यात, संपलं. आजबी व्यंकटराव आन् उपसरपंच शाळेत बक्षीसवाटपाला निघून गेले. लोक उठले.
वस्तीच्या बायका उठल्याच न्हाईत. एकतीस जणी. वैष्णवीनं कालच सांगून ठेवलेलं— भाकरी बांधून आणा, हलायचं न्हाय.
ग्रामसेवक वही घेऊन आला तर समोर सभा बसलेली! सरपंच न्हाईत म्हणाला. ही म्हणाली, "मग हजर असलेल्यांतनं अध्यक्ष निवडायचा. मेंबरांच्या ट्रेनिंगला तुमीच शिकवलंय आमाला."
निवडली कोण, तर शेजारची पुतळाआज्जी! आधी खुर्चीवर बसंना. बसली ती उठंना. मागच्या सभेचं सगळं वाचून घेतलं. सावकाश वाच म्हणाली, आमी पहिल्यांदाच ऐकतोय. मग घरपट्टी, झाडं, गटार... एक बाई म्हणाली, डायरेक्ट सातवा घ्या की. वैष्णवी न्हाय म्हणाली. ओळीनंच. मधला एक जरी गाळला तर उद्या म्हणतील सभाच खोटी.
सातव्याला एकतीस हात वर.
व्यंकटराव आले तवा आज्जी वहीवर नाव गिरवत होती. ते म्हणाले, "आत्या, उठा आता. मला बसू द्या."
"थांब की व्यंकट. अजून आडनाव राहिलंय."
तेबी हसले म्हणं.

१६ ऑगस्ट
खोलीत पेढे वाटले. बिहारी पोरांना एवढं समजलं की माझ्या बायकोनं काहीतरी जिंकलंय. बास की!
भाषणाचं विचारलं. म्हणाली, गडबडीत राहिलं.

३ ऑक्टोबर
लाईनीचं सामान वस्तीवर पडलंय. चर खणायला माणसं कमी पडत्यात. वैष्णवी म्हणाली, या. मी हितं आल्याला तेरा महिने झाले, पहिल्यांदा म्हणाली.
सुपरवायझरकडं गेलो. सुट्टी मागितली न्हाय. काम सोडलं.