लाहूसाठी सात पानी नियमावली

४ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०
मोबाइलवर अमेरिकेतली बर्फावरची हॉकी बघितली. चेंडू नसतो, चकती असते, आणि ती दिसत नाही. पण मध्यंतरात सोनं सापडलं! तिकडे जो संघ तळाला, त्याला नव्या खेळाडूंत पहिली निवड. वा! याला म्हणतात न्याय.

आमच्या पाच गावांच्या टेनिसबॉल लीगमध्ये सगळं उलटं. खेळाडू निवडायचा पहिला मान विजेत्याचा. म्हणून चिंचणीचा कॅप्टन नितीन (बर्फाच्या फॅक्टरीत असतो) तीन वर्षं गंजाडचा लाहू उचलतो, आणि आम्ही, डहाणू (कॅप्टन मी), तीन वर्षं तळाला. कारणं: वारा, खेळपट्टी, एकदा ऊन. लाहूसारखा बोलर आख्ख्या जिल्ह्यात नाही.

संकल्प: पुढच्या वर्षी लाहू आपला.

५ जानेवारी
नियमावली लिहिली. सात पानं. तहसील ऑफिसातच, पण लंचमध्ये. लंच चार वाजता संपला.

जुनं कलम चार खोडलं: 'खेळाडूने स्वतः संघ सांगितला, तर त्याला तोच संघ, निवडीचा मान बाजूला.' असल्या भावनिक गोष्टींनी सिस्टिम बिघडते.

सरलाला वाचून दाखवली. बायको म्हणून तिला अभिमान वाटायला हवा होता. ती म्हणाली, पापलेटाखालचा सोडून तुम्ही बर्फ बघितलाय कुठे? दुर्लक्ष केलं.

११ जानेवारी
तलासरीत मीटिंग. लीगच्या सेक्रेटरी चंद्रिका मॅडम तिथल्याच शाळेत शिकवतात. त्यांनी विचारलं, मग लाहूसाठी सगळेच हरायला बघतील, त्याचं काय? मी म्हटलं, आपल्याकडची माणसं तशी नाहीत. ठराव पास! नितीन सारखा हसत होता. बिचारा, धक्का पचवत असणार.

१८ जानेवारी
माणसं तशीच निघाली. तलासरी विरुद्ध वाढवण: पहिल्याच ओव्हरमध्ये चौदा वाइड. बॅट्समन आपणहून रनआउट व्हायला निघाले, तर फिल्डर थ्रोच करेनात. एकाच्या हातात चुकून कॅच बसला. त्याने बॅट्समनची माफी मागितली.

आमची मॅच गंजाडशी. आम्हीही मन लावून हरत होतो, पण त्यांची तयारी जास्त. आम्ही जिंकलो. तीन वर्षांतला पहिला विजय, आणि मी डोकं धरून बसलो.

१९ जानेवारी. रजा टाकली
उपाय सापडला, तोही हॉकीवाल्यांच्याच चर्चेत! फायनलची आशा संपली की मोजणी सुरू. त्यानंतर जो जास्त मॅच जिंकेल, त्याची पहिली निवड. म्हणजे आधी झटपट बाहेर पडायचं, मग जिंकत सुटायचं. यातलं पहिलं काम आम्हाला चांगलं येतं.

मॅडमनी मान्य केलं, झालेल्या मॅच रद्द केल्या. वर एक अट घातली: पुढच्या वर्षीच्या खेळाडूंच्या वाटपात कॅप्टनचंही नाव, निवड गावाच्या मॅनेजरने करायची. मी लगेच हो म्हटलं. आमची मॅनेजर सरला, कारण दुसरं कोणी येत नाही. तिने विचारलं, तुम्हाला कोण घेणार? म्हटलं, अनुभवाला किंमत असते.

१ फेब्रुवारी
बाहेर! लीगमध्ये सगळ्यांत आधी! दोन रविवारांत चार मॅच, चारही हरलो. पेढे वाटले. आता तीन मॅच हातात, तिन्ही जिंकायच्या. लाहूच्या नावाचा डहाणूचा टीशर्ट छापायला टाकला.

८ फेब्रुवारी
हरलो. वारा.

१५ फेब्रुवारी
हरलो. वारा पडला होता. त्याची सवय नव्हती.

२२ फेब्रुवारी
हरलो. ओपनिंगला मी स्वतः गेलो होतो. त्यावर लिहायला वेळ नाही. टीशर्ट मात्र छान झालाय.

१ मार्च, संध्याकाळी
वाटप झालं. मोजणीत आमचा भोपळा. फायनलवाले दोघे बाहेर पडलेच नाहीत, त्यांचाही भोपळाच, म्हणून तिघांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आमची शेवटी निघाली. पहिली निवड तलासरीची. लाहू गेला.

छप्पन्न नावं, अकराचे पाच संघ. शेवटी दोघे उरलो: मी आणि वाढवणचा प्रल्हाद, पायाला प्लास्टर. निवड सरलाची. मी टाय सरळ केला. तिने प्रल्हाद घेतला. म्हणाली, प्लास्टर तीन आठवड्यांत निघतं.

बाहेर लाहू भेटला. म्हणाला, दादा, माझ्या आईचं रेशनकार्ड तुम्ही करून दिलेलं ना, म्हणून मी ठरवलेलं, या वर्षी मीच डहाणू सांगणार. पण मॅडम बोलल्या, ते कलम तुम्हीच खोडलं.

वाईट वाटलं. फार वाटलं. रेशनकार्ड तर मला आठवतही नव्हतं.

२ मार्च
हॉकी बघितली नाही. मॅडमचा फोन आला. उरलेल्यालाही काम आहे: मैदानावर पाण्याचा कूलबॉक्स सांभाळायचा. बर्फ नितीन देणार, फुकट. सरला म्हणाली, बघा, शेवटी बर्फावर उतरलातच.

टीशर्ट कपाटात तसाच घडीत आहे. ती म्हणते, लाहूला देऊन टाका. देईन. पण आधी त्याला विचारणार.