बर्फवाल्याला गार मासा

मंगळवार, दि. १४, सकाळी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. खोलीतून समुद्र दिसतो, जेवण फर्मास. अक्षर वाकडं दिसेल. इथलं टेबल हलतं.

आता ऐक. तुझ्या नवऱ्याला सांग, सासऱ्याला मूर्ख बनवायचं तर आधी त्याचा धंदा आठवावा.

काल होडीत गळ टाकून बसलो होतो. तासाभराने नावाडी म्हणाला, "काका, छपराखाली बसून चहा पिऊन या, दोरी मी धरतो." परत आलो तर, "ओढा काका, लागलाय." ओढला. हातभर मासा, पण धडपड नाही की तडफड नाही. लग्नाला आलेल्या व्याह्यासारखा शांतपणे वर आला. पोटाला हात लावला तर गारठलेला. अगं, डोक्यावर लाद्या वाहून मी बर्फाचा कारखाना उभा केला. समुद्रातला मासा कुठला आणि बर्फाच्या पेटीतला कुठला, हे मला कळू नये?

तरी वाहवा केली, फोटो काढू दिला. येताना नावाडी इंजिनाआड फोनवर बोलत होता. त्याला वाटलं, एवढ्या आवाजात कोण ऐकतंय. माझे कान यंत्रांपाशीच तयार झालेत. "जावईसाहेब, म्हातारबा खूश. आठवडाभर रमतील. तोवर तुमचं काम उरका."

कसलं काम, ते कारखान्यातल्या मुकादमाला फोन करून विचारलं. माझी खुर्ची यंत्रांच्या खोलीतून काढून फाटकाशी मांडलीय, खोलीला नवं कुलूप. मी मेलोय का? तोंडावर सांगायला काय झालं होतं? पोराच्या हाती खुळखुळा द्यावा तसा मला मासा दिलात. तुलाही ठाऊक होतं. बॅग भरताना तू माझ्याकडे बघत नव्हतीस.

मासा मात्र आचाऱ्याने झकास तळला. दोन तुकडे जास्तच खाल्ले. राग माशावर नाही.

आणखी एक. चहाच्या आधी एक खरा मासा लागला होता. दोरी ताणलेली नावाड्याला दिसली; माझ्या उजव्या हाताला कळलीच नाही. "काका, गेला की," म्हणाला. मागच्या महिन्यात लादी सुटून हमालाचा पाय थोडक्यात वाचला, तेव्हा मी त्यालाच शिव्या घातल्या. लादी माझ्या हातून सुटली होती.

कुलूप राहू दे. शुक्रवारी येतो. खुर्ची कुठे मांडायची ते मी सांगेन. डॉक्टरांकडे तू चल. नवऱ्याला आणू नकोस.

टेबल दगडी आहे. हलत नाही.

तुझा, अजून रागावलेला,
बाबा