भोरड्या गेल्याची तारीख

अंजना,

सांबऱ्याच्या वाटेवरल्या पांगाऱ्याकडं चाललोय, दुपारपतोर येतो. भाकरी घेतलीया. म्हशीला पाणी दाखव. शामूची दुर्बीण न् वही मीच नेलीया, आईला घरभर हुडकू देऊ नको.

भोरड्यांचा थवा अजून हाय. ही पाखरं उत्तरेला परत गेली की तुझा भाऊ दर चैत्रात वहीत तारीख लिवायचा. पाच वर्सांच्या हाईत. यंदाची लिवायला त्यो ऱ्हायला न्हाय, म्हणून मी रोज बघून येतोय. जोंधळ्यावर भोरड्या बसल्या की मी गोफण फिरवायचो आन् त्यो आडवा यायचा. "पाखरं बघून पोट भरतंय व्हय रं?" असं लई बोललो त्याला. ती गोफण खुंटीवरनं काढून माळ्यावर टाक, डोळ्यासमोर नको.

आईनं विचारलं तर दुर्बिणीतनं लख्ख दिसतंय म्हणून सांग. पुढचं तिला वाचून दावू नको. काचा शामूच्या डोळ्याला लावलेल्या हाईत, मला नुसतं धुकं दिसतंय. चक्र जरा फिरवलं तर मला दिसंल, पण त्यानं लावलेलं मोडंल. हात धजत न्हाय.

आप्पा