पुढच्या चेंडूआधी

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. वहिनी सांगत होती, सॉफ्टबॉलचा तो सामना झाल्यापासून तू लेकीशी चकार शब्द बोललेला नाहीस. मीठ पोरीच्या हाताशी असतं आणि तू मागतोस वहिनीकडे. अरे, वय काय तुझं!

तुझी तक्रार आता अख्ख्या मैदानाला पाठ झाली आहे. शेवटचा डाव, तुझ्या टीमच्या मुली एका धावेनं मागे, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. प्लेटमागे अंपायर म्हणून आपली पोरगी. तिनं ‘बॉल फोर’ म्हटलं, म्हणजे चौथा चेंडू चुकीचा पडला, बॅटरला पहिला बेस फुकट. सगळ्या एकेक बेस सरकल्या, तिसऱ्या बेसवरची होमवर आली, बरोबरी झाली. तुमच्या बेंचवर नुसती नाचानाच! पण पुढचा चेंडू पडायच्या आत हिनं खेळ थांबवला, हातातला बॉल मोजायचा काउंटर पाहिला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, की चूक माझी, बॉल तीनच झालेत, सगळ्यांनी आपापल्या जागी परत जा. त्यानंतर लगेच बॅटर बाद झाली, तीन बाद होऊन डाव संपला आणि तुम्ही हरलात.

एकदा दिला तो दिला, असं तू चारचौघांत तिच्यावर ओरडलास. दादा, नियम तुला मी काय शिकवू? अंपायरची मोजणी चुकली तर पुढच्या चेंडूआधी सुधारता येते, हे तूच शिकवलंस तिला, ओट्यावर वाट्यांचे बेस मांडून. वहिनी तेव्हा वाट्यांसाठी ओरडत होती.

मला तर अभिमान वाटला रे. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? समोरच्या टीमचाही हिशेब गडबडला होता. कळलं असतं ते फक्त तुला. मी तुझ्या मागच्याच बाकावर होते. लहानपणी कुकरच्या शिट्ट्या मोजायचास, तसे तू अजून बॉल बोटांवर मोजतोस. तिनं ‘बॉल फोर’ म्हटलं तेव्हा तुझी तीनच बोटं उघडी होती. तू त्यांच्याकडे पाहिलंस आणि हात खिशात घातलास. हे मी कुणाला बोलले नाही, बोलणारही नाही. पण मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

आता मुद्द्याचं. अंपायरांच्या ड्युट्या मी लावते, हे तुला ठाऊकच आहे. काल पोरगी आली आणि हमसून हमसून रडली. म्हणाली, आत्या, मी हे सोडते, बाबा बोलत नाहीत तर मला काही नको. मी तिचं नाव खोडणारच होते. तेवढ्यात, येत्या रविवारी तुमची ज्या टीमशी गाठ आहे, तिची कोच आज ऑफिसात आली. म्हटलं, झालं, कोचच्या मुलीला अंपायर ठेवू नका म्हणून भांडणार ही. तर ती म्हणाली, प्लेटमागे आम्हाला तीच हवी. परकी माणसं म्हणतात हे, दादा! मी ड्युटी लावून टाकली. तिला अजून कळवलेलं नाही. ते तू सांगावंस, म्हणून हे पत्र. माझ्या तोंडून ऐकलं तर ती नाहीच म्हणेल.

तुझीच,
धाकटी