उधाणाची गैरहजेरी

शुक्रवार, १७ सप्टेंबर १९८२
गुणवंती आज पुन्हा गैरहजर! चौथीत शिकते आणि महिन्यातून आठ-दहा दिवस गायब. संपामुळे मिलवाल्यांची मुलं आईबरोबर कोकणात गेली, वर्गात उरलीत एकोणतीस. त्यात ही माहीमच्या कोळीवाड्यातली, बापाला संप ना टाळेबंदी, तरी हिचं हे! मुख्याध्यापक हेमचंद्र सरांना पटावरून नावं कमी करायची यादी हवी होती. गावी गेलेल्या अकरांच्या खाली रागारागाने हिचंही नाव टाकलं, सही ठोकली.

मंगळवार, २१
तरी राहवेना, घरी गेले. अंगणात बोंबलाचा ढीग, गुणवंती निवडत बसलेली. मला बघून हात मागे लपवले. आई, पुतळाबाई, जागची उठली नाही. ‘अवस-पुनवेला उधाण, बाय. जाल्यात म्हावरा मावत नाय. भांगाला, पानी कमी असतं तवा, येते ना ती?’ नापास झाली तर बाजारात बसवणार, हेही तिने सांगून टाकलं.
घरी येऊन रजिस्टर आणि कॅलेंडर शेजारी ठेवलं. अमावस्या, पौर्णिमा आणि पुढचे तीन-चार दिवस. बाकी एकही खाडा नाही. दोन वर्षं माझ्या वर्गात आहे, मला दिसलं नाही. लाज वाटली.

शनिवार, २५
पाऊणकीचा पाढा घेतला. आठ पाऊण किती? सगळे बोटं मोजायला लागले. गुणवंती म्हणाली, सहा. कसं गं? ‘आज अष्टमी, सहाला भरती. तिथीची पाऊणपट करायची.’ तिच्या धर्माआज्याने शिकवलंय. फळ्यावर पंधरा तिथी मांडल्या, भरतीच्या वेळा तिनेच सांगितल्या, अडखळली नाही. बाकीच्यांना पटेना. मग काय, संध्याकाळी अख्खी वरात घेऊन खाडीवर गेले. सहाच्या सुमारास पाणी पायरीला लागलं. वर्गातला, चाळीत राहणारा धोंडू तिच्याकडे बघतच राहिला. ती नुसती मिरवत होती! मीही.

सोमवार, २७
यादीतून नाव काढायला हवं. सर वॉर्ड ऑफिसात गेलेले. उद्या सांगते.

बुधवार, २९
पाऊणकी आता वर्गाला तोंडपाठ.

गुरुवार, ७ ऑक्टोबर
सहामाहीचं वेळापत्रक लागलं. गणित १८ला, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी! सरांशी तासभर भांडले. शाळा काय समुद्राला विचारून चालवायची, म्हणाले. थोडीशी चालवा, म्हटलं. शेवटी पेपर २५ला ढकलला. पुतळाबाईला निरोप धाडला. इतकी खूश मी कित्येक दिवसांत नव्हते.

सोमवार, २५
अष्टमी. गुणवंती घंटेआधी दारात, दोन घट्ट वेण्या, नवी पेन्सिल.
पेपर ऑफिसातून आलेल्या नव्या यादीवरून वाटले. अठ्ठावीस नावं. अठ्ठावीस पेपर.
ती उभी राहिली. ‘बाई, माजा नाव र्‍हायला.’