कावळा लगेच शिवला

आबा,

नाना गेले. परवा गावाहून फोन आला. बांधाला बांध लागून ज्यांच्याबरोबर तुम्ही अख्खा जन्म शेती केली आणि शेवटची कित्येक वर्षं ज्यांच्याशी एक शब्द बोलला नाहीत, ते आपले नाना. बातमी ऐकून मी पिंप्राळ्याच्या घरात पंख्याखाली नुसता बसून राहिलो. माझी सून चहा घेऊन आली, काय झालं म्हणून विचारत होती. नाना कोण हे तिला ठाऊक नाही, आणि तुम्ही तिला ठाऊक आहात ते भिंतीवरच्या फोटोपुरते. तुमच्या दोघांमधलं जाणणारा आता मी एकटाच उरलोय, म्हणून तुम्हालाच लिहायला बसलो.

मला सगळ्यात आधी आठवतो तो उन्हाळी भुईमूग. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, चैत्रात सगळं रान करडं पडलेलं आणि त्यात आपला एक तुकडा हिरवागार. मग काय, पंचक्रोशीतले कावळे आपल्याकडेच जेवायला. पेरणी झाली की उगवता दाणा उकरून खायचे आणि शेंगा भरायला लागल्या की वेल उपटून टाकायचे. तुमच्याकडे आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक होती. परवाना रानडुकरांसाठी काढलेला, पण डुकरं बिचारी त्या बंदुकीला कधी फारशी घाबरली नाहीत, घाबरले ते कावळे. आणि कावळा म्हणजे हुशार जात. हातात काठी असली तर चार हातांवर बसून राहतो, बंदूक असली की दिसेनासा होतो. तुम्ही त्यावरही तोड काढली. बाईमाणसाला कावळा भीत नाही हे तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही आईचं हिरवं लुगडं अंगावर घेऊन, पदराखाली बंदूक धरून, निंदायला बसल्यासारखे सरीत बसायला लागलात. मिशा पदरात झाकलेल्या. नाना बांधावर उभे राहून पोट धरून हसायचे आणि तुम्हाला वहिनी म्हणून हाक मारायचे. आई मात्र वैतागली होती. ते लुगडं नेसून ती अंगणात आली की कावळे आता तिलाही बघून उडत, आणि नवऱ्यापायी आपणही बदनाम झालो म्हणून ती तुम्हाला दोन-दोन दिवस ऐकवायची.

मारलेला कावळा तुम्ही पायाला सुतळी बांधून उंच बांबूला उलटा टांगायचा. तो टांगला की आसपासचे सगळे कावळे गोळा होऊन असा गलका करत की शेजारच्या वावरातली बैलं बुजत. तक्रारी तिथून सुरू झाल्या. आधी बंदुकीच्या बाराची, मग गलक्याची, मग वासाची. एकदा कुत्र्यानं मेलेला कावळा ओढत आणून गल्लीत समोरच राहणाऱ्या नानांच्या दारात टाकला. अक्का, म्हणजे नानांची बायको, तेव्हा आपल्या ओट्यापाशी येऊन आईला म्हणाली की शेंगा काय आज आहेत उद्या नाहीत, पण त्या पाखराच्या तोंडून आपले वाडवडील जेवतात, त्याला असं उलटं टांगू नये. तुम्ही आतून ओरडून सांगितलं, कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही. सगळे हसले, अक्काही हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

तुम्ही अगदीच पाषाण नव्हता, हे मी सुनेला सांगायला हवं होतं. पितृपंधरवड्यात तुम्ही बंदूक खुंटीवरून काढत नसा. गावाचं तेवढं मन राखायचं, असं तुमचं ठरलेलं होतं आणि त्यावर गावानंही तुम्हाला सांभाळून घेतलं होतं. चूक झाली ती इथेच. बंदूक खुंटीला टांगली की भांडण मिटलं, असं तुम्हाला वाटायचं. कावळ्याला पंधरवडा कळत नाही. त्याला माणूस कळतो. त्यांनी तुमचा चेहरा ओळखून ठेवला होता. तुम्ही रिकाम्या हातानं गल्लीतून चाललात तरी ते पुढच्या निंबावर, मग त्याच्याही पुढच्या निंबावर सरकत जायचे. भाद्रपदात तुम्ही दिवसभर वावरात असायचा, म्हणून हे कुणाच्या नजरेत आलं नाही. पण आपल्याकडे पितरांचा मोठा दिवस आखाजीचा, अक्षय्यतृतीयेचा. घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, सांजोऱ्या, पुरणपोळी, आंब्याचा रस, आणि घराच्या छतावर, मातीच्या धाब्यावर कावळ्याला घास. आणि आखाजी नेमकी शेंगा भरण्याच्या दिवसांत येते. त्या दिवशी तुम्ही शेतात जात नसा. घरीच, ओट्यावर, सगळ्या गल्लीला आणि सगळ्या कावळ्यांना दिसाल असे बसत असा, आणि मग गल्लीतल्या कुठल्याच धाब्यावर कावळा उतरत नसे.

नानांचा मुलगा माझ्या बरोबरीचा. एका पावसाळ्यात कपाशीत त्याला पान लागलं, साप चावला. गाडीत घालून चोपड्याला नेईपर्यंत संपला. त्या दिवशी तुम्ही नानांना धरून बसला होता, रात्रभर त्यांच्या ओट्यावरून हलला नाहीत, हेही खरं आहे. पण नंतर गावात कुजबूज व्हायला लागली. कावळ्यांचा तळतळाट शेजाऱ्याला बाधला म्हणे. तुमच्या कानावर आलं तेव्हा तुम्ही चिडून म्हणालात, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, त्यात माझा काय दोष. नानांनी स्वतः ते कधी म्हटलं नव्हतं. तुम्हाला मात्र वाटायला लागलं की ते मनात म्हणत असणार, आणि तुम्ही त्यांच्यासमोर ताठ वागायला लागलात. मी तेव्हा धुळ्याला नोकरीला लागलो होतो. येऊन-जाऊन जेवढं दिसे तेवढं पाहत होतो.

मग ती आखाजी आली. आदल्या दिवशी मी धुळ्याहून एसटीनं आलो होतो आणि अजून पाय धुतले नव्हते, तेवढ्यात नाना आले. टोपी हातात घेऊन ओट्याच्या खाली उभे राहिले. वर या म्हटलं तरी आले नाहीत. पोर गेल्यानंतरची पहिली आखाजी. बाकीच्या गल्लीनं वावरात किंवा दुसऱ्या गल्लीत पाव्हण्यांच्या धाब्यावर घास ठेवायचं आधीच ठरवलं होतं, पण अक्का ऐकत नव्हती. पोर येईल तर आपल्या घरावर येईल, दुसऱ्याचं धाबं त्याला काय ठाऊक, असं तिचं म्हणणं. नाना खाली बघूनच बोलले.

"भो, उद्या एक दिन तू गावमा नको ऱ्हाऊ. तू दिसना का कावया येस नही. मन्हा पोऱ्यानी पहिली आखाजी शे."

एवढंच मागणं होतं. मी मनात म्हणालो, चला, आबांना घेऊन सकाळीच धुळ्याला जाऊ, सिनेमा दाखवू, मुक्कामाला परत येऊ. तुम्ही हो म्हणाल याची मला खात्री होती. तुम्ही अडकित्त्यानं सुपारी फोडत होता. ती फोडून झाली, तोंडात टाकली, आणि तुम्ही म्हणालात,

"नाना, कावया पाखरू शे. त्यामा कोनी ऱ्हास नही. जो मरना तो मरना."

आबा, तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. मी तरी कुठे मानतो. पण ते त्या माणसाला त्या दिवशी सांगायचं नव्हतं. नानांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते गेले. तुम्हाला तुमचं वाक्य तेव्हाच बोचलं असणार, कारण तुम्ही सुपारी थुंकून टाकलीत. मी धुळ्याचं सुचवलं तर माझ्यावरच खेकसलात, मी माझ्या गावातून कशाला जाऊ, चोरी केलीय का.

दुसऱ्या दिवशी अक्कानं धाब्यावर पान ठेवलं. पुरणपोळी, सांजोरी, रसाची वाटी, त्याला आवडायची म्हणून वेगळी केलेली कुरडई. घागरीसमोरची पूजा झाली, निखाऱ्यावर नैवेद्याची आगारी टाकून झाली, आणि घरातली सगळी माणसं वर बघत बसली. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. तुम्ही आपल्या ओट्यावर बसून होता. हट्टानं. एक कावळा निंबावर येऊन बसला, त्यानं मान वाकडी करून आपल्या ओट्याकडे पाहिलं आणि तो वाड्यांकडे उडून गेला. ऊन डोक्यावर आलं, पोळी वाळून कडक झाली. मग तुम्ही उठलात, आत गेलात आणि धान्याच्या कोठीमागं अंधारात जाऊन बसलात. मी दारातून बघत होतो. एवढा मोठा माणूस गुडघ्यात डोकं घालून लपलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला तुमची इतकी दया आली, आणि रागही आला, की सकाळी हे केलं असतं तर. कावळा आलाच नाही. संध्याकाळी अक्का शिडीवरून वर चढली, पान उतरवून गाईपुढे ठेवलं आणि घरात निघून गेली.

त्यानंतर तुम्ही बंदूक चालवली नाहीत. पोलीस ठाण्यात जमा करून आलात. पुढच्या उन्हाळ्यात कावळ्यांनी भुईमूग पार उकरून टाकला आणि तुम्ही बांधावर बसून नुसते बघत राहिलात. त्याच्या पुढच्या वर्षी तो पेरलाच नाहीत. मला वाटतं, हे सगळं नाना बघतील आणि त्यांना कळेल, अशी तुमची समजूत होती. नाना बघतही होते. पण त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं होतं आणि तुम्हाला ते न बोलता भागवायचं होतं. विहीर एक, पाण्याची पाळी एक, वाट एक. तरी तुम्ही दोघं एकमेकांना ओलांडून जायचा. आई मध्यस्थी करायला गेली तर तिलाही गप्प केलंत. कावळे मात्र हळूहळू निर्धास्त झाले. शेवटी शेवटी तर ते तुमच्या खाटेच्या पायाशी येऊन भाकरीचा तुकडा पळवायचे.

तुमचा दमा वाढला तेव्हा मी तुम्हाला धुळ्याला माझ्या खोलीवर आणलं. तिथे एका दुपारी उशीला टेकून बसल्या-बसल्या तुम्ही म्हणालात, "नानासंगे बोलनं ऱ्हाई गयं." मी विचारलं, काय बोलायचं होतं. तुम्ही हात हलवलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी गावाकडच्या माणसाबरोबर निरोप धाडला. नाना येतो म्हणाले होते. केळीच्या कापणीत अडकले होते की मन होत नव्हतं, देव जाणे. त्याआधीच तुम्ही गेलात.

दहाव्याला, गावापासून लांब नदीवर, मी ओल्या अंगानं पिंड घेऊन उभा. समोर वाळूवर चार माणसं. तुम्हाला माहीत आहे, कावळा शिवला नाही की मग माणसं बोलायला लागतात. काय राहिलं असेल मेलेल्याचं, ते एकेक जण म्हणून बघतो. पोरीचं लग्न करीन म्हणतो, म्हातारीला सांभाळीन म्हणतो. जन्मभर जे तोंडातून निघत नाही ते तिथे, कावळ्याच्या निमित्तानं, चारचौघांत निघतं. तर लांबून वाळू तुडवत नाना येताना दिसले. तुम्ही गेल्यावर ते दारावरही आले नव्हते. आज आले, तेही धुतलेलं धोतर नेसून, घाईनं, जवळजवळ पळत. मला कळलं ते कशासाठी येताहेत. कावळा अडेल अशी त्यांची खात्री होती. आपल्यासाठीच अडेल, आणि मग आपण पुढे होऊन बोलू.

मी पिंड खाली ठेवला आणि हात मागे घेण्याआधीच कावळा शिवला. नदीवरचे कावळे ते, रोज पिंडांवर जगणारे, त्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. गुरुजी म्हणाले, चला, झालं. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, काही इच्छा मागे ठेवली नाही. कुणाला उन्हाची घाई होती, कुणाला एसटीची. नाना अजून वाळूतच होते. थांबले. मग तिथूनच हात जोडले आणि परत फिरले.

पुढे कितीतरी दिवसांनी मी त्यांना बांधावर गाठलं आणि सांगितलं, नाना, आबांना तुमच्याशी बोलायचं होतं, शेवटी तेच म्हणत होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"कावया लगेच शिवना ना? मंग त्यानं काय ऱ्हायनं नव्हतं. मन्हासाठे तर नहीच."

मी शपथ घेतली. ते म्हणाले, "तू त्याना आंडोर शे. बापनं चांगलंच सांगशी. कावया कसाले खोटं करी?"

यावर मी काय उत्तर देणार होतो, आबा? तो कावळा म्हणजे नुसतं पाखरू, असं म्हणायचं? ते एकदा त्यांना आपल्याच ओट्यावरून सांगून झालं होतं. मी बांधावरून परत आलो. तेच मनात धरून ते जगले आणि परवा तेच घेऊन गेले. तुम्हाला त्यांची काही पडली नव्हती, असं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मलाही कळत नाही. लिहून झालं की कपाटात जाईल. एक सांगतो, हे घरात कुणाला माहीत नाही. आखाजीला आणि तुमच्या तिथीला सून गच्चीवर तुमच्या नावानं पान ठेवते आणि मला लक्ष ठेवायला सांगून खाली जाते. कावळा येतो. इथले कावळे फार धीट आहेत. तो पानाजवळ आला की मी त्याला हुसकावतो. परत येतो, परत हुसकावतो. माझा विश्वास नाही, तरी त्याला लगेच शिवू देत नाही. खाली सगळे उपाशी ताटकळत असतात.